जेल पॉलिशच्या दिव्यानं पोटातल्या बाळाला काही होतं का?

पार्लरवाली_लातूर

नमस्कार. लातूरला औसा रोडच्या बाजूला माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे, एका गाळ्यात. अकरा वर्षं झाली. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

काल एक गिऱ्हाईक आलं. सातवा महिना, रविवारी डोहाळेजेवण. फुलांचे दागिने सांगितलेले, हिरवी साडी तयार, आणि नखांवर जेल पॉलिश पाहिजे होतं, म्हणजे दिव्याखाली धरून पक्कं करायचं ते. मी बेस कोट लावला. तिनं दिव्यात हात घालायला आणि सासूबाईंनी तो मागं ओढायला एकच गाठ पडली. त्यांच्या मोबाईलवर मेसेज आलेला, 'नखांच्या मशीनच्या किरणांनी जीन्स बिघडतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं.' त्या म्हणल्या, "बाई, जीन्स म्हणजे वंशाचं असतंय ते. माझ्या नातवाला काही झालं म्हणजे?" वाट बघत बसलेल्या दोघी माझ्या तोंडाकडं बघायल्या. मला काही सांगताच येईना. बेस कोट पुसला, साधं नेलपॉलिश लावून दिलं. चारशेचं काम ऐंशीवर आलं. ते जाऊ द्या, पण त्या दोघीही "नंतर येतो" म्हणून उठून गेल्या.

माझ्या दिव्याच्या खोक्यावर ४८ वॅट आणि ३६५+४०५ असं छापलंय. एका कोटाला एक मिनिट, असे तीन-चार कोट. लग्नसराईत दिवसाला सात-आठ बायका होतात. म्हणजे गिऱ्हाईकाचा हात महिन्यातून एकदा, माझे हात मात्र रोज त्या दिव्याच्या तोंडाशी. हे लिहिता लिहिताच माझ्या ध्यानात आलं.

तर बाळाला खरंच काही होतं का? आणि मी हे काम करावं का नाही? घाबरवू नका, पण खरं सांगा.

जाता जाता, दुकानात औजारं ठेवायची निळ्या लाइटची पेटी पण आहे, स्टरिलायझर म्हणतेत ती. तिच्यातही यूव्हीच (अतिनील किरण) असतं म्हणे. पण ती कात्र्या-चिमट्यांसाठी आहे, माणसाचा काय संबंध, म्हणून तिचं विचारत नाही. दाराचं लोहचुंबक गेलंय, त्यामुळं दार चार बोटं उघडं राहतंय, आणि दार उघडं असलं की दिवा बंद पडायचा. भावानं आतल्या बटणाला चिकटपट्टी लावून दिली, आता दिवसभर चालू असते. निळा लाइट दिसला की गिऱ्हाईकाला स्वच्छ वाटतं.

आणि दिवाळीपासून रात्री डोळे फार चुरचुरायलेत. घरचे म्हणतेत मोबाईल कमी कर.

कापूस_वेचणारा_मास्तर

ताई, तुम्ही कुठं त्या मेसेजच्या नादाला लागता. मी बीड जिल्ह्यातला, शाळा सुटली की शेतात. आमच्या आया-बहिणी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच कापूस वेचतात, पोटुशी असतानाही. सूर्याइतकं यूव्ही तुमच्या चार मिनिटाच्या दिव्यात असतंय का? मेच्या मध्यात तर आपल्याकडं दुपारी सावलीच पायाखाली जाती, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानं कुणाचा वंश बुडाला नाही. पुण्या-मुंबईचे लोक एसीत बसून घाबरतात, तुम्ही कामून घाबरायल्यात? करा बिनधास्त.

ट्रॉलीवाला_जालना

जेल-बिलचं मला काही कळत नाही. डोळ्यांचं कळतं, कारण बावीस वर्षं वेल्डिंग करतोय, उसाच्या ट्रॉल्या बनवतो.

ताई, चार गोष्टी सांगा. डोळे संध्याकाळी दुकानात असताना चुरचुरतात का रात्री निजायच्या वेळी? डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं का? पाणी गळतं, दिवा बघवत नाही, असं होतं का? आणि सकाळी उठल्यावर आपोआप कमी असतं का?

मी नवीन असताना काळी काच न लावता टाके मारायचो, नुसतं तोंड फिरवून. काम करताना काही म्हणजे काही वाटत नाही. घरी येऊन जेवलं, आडवं पडलं, की अकरा-बाराच्या सुमाराला सुरू. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं आंधळा झालो. आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची डोळ्यांवर. थंड वाटायचं, बाकी उपयोग शून्य. मेडिकलवाल्यानं बधिर करायचा ड्रॉप दिला होता, तो मात्र घेऊ नका. डोळ्याच्या डॉक्टरनं त्यावरून मला लई झापलं. त्यानं दुखणं कळत नाही आणि जखम भरत नाही.

तुमची ती पेटी कुठं ठेवलीय? खुर्चीपासून किती लांब? तुमच्या प्रश्नातलं तेच एक वाक्य वाचून मी थांबलोय.

पार्लरवाली_लातूर

दादा, तुम्ही माझ्या घरात बसून बघितल्यासारखं लिहिलंय. हाव, वाळूच. रात्री साडेअकरा-बारा. सकाळी उठते तर थोडी लाली, चहा होईस्तोवर बरं.

पेटी भिंतीच्या फळीवर आहे, थ्रेडिंगच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला, उभं राहिलं की बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीला. हातभर अंतर. थ्रेडिंग करताना मी तिथंच उभी असते, दिवसाला पंधरा-वीस बायका. सोमवारी पार्लर बंद असतं. तुमचं वाचून आठवून बघितलं, सोमवारी रात्री मी छान झोपते. मला वाटायचं सुट्टी असते म्हणून.

डावा गाल उजव्यापेक्षा काळवंडलाय, हे माझी बहीण दोनदा बोलली होती.

लॅबवाले_काका_परभणी

ताई, पुढचं वाचायच्या आधी उठा आणि त्या पेटीची पिन काढा. काढली? आता वाचा.

मी आयुष्यभर ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. केळीची, उसाची रोपं बाटलीत वाढवायची. त्यासाठी हवा गाळणारं एक कपाट असतं, आणि काम सुरू करायच्या आधी त्यात तुमच्या पेटीत असतो तसलाच दिवा अर्धा तास लावून ठेवतात. १९९४ च्या उन्हाळ्यात मी तो बंद करायचा विसरलो. वीस मिनिटं हात आत आणि तोंड काचेच्या खालच्या फटीसमोर. रात्री दोन वाजता पत्नीनं रिक्षा बोलावली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी तांबडी, आठ दिवसांनी सोलून निघाली. डोळे दोन दिवसांत बरे झाले. ट्रॉलीवाले दादा म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. हे दुखणं उशिरा येतं, साधारण सहा ते बारा तासांनी, म्हणून ते कशामुळे झालं याचा माणसाला पत्ता लागत नाही. आणि बिचाऱ्या मोबाईलवर आळ येतो. मोबाईलच्या पडद्यातून यूव्ही येतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचा निळा उजेड साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो, झोप उडवेल फार तर.

आता मास्तरांच्या सूर्याबद्दल. मास्तर, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण यूव्ही म्हणजे एकच चीज नव्हे. किरणाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर ते यूव्हीए, २८० ते ३१५ यूव्हीबी आणि त्याखाली यूव्हीसी. नॅनोमीटरचा आकडा जितका लहान तितका किरण जहाल. सूर्यही यूव्हीसी सोडतो, पण वरचा ओझोनचा थर ते सगळं गिळतो. तुमच्या कपाशीच्या रानात भर मेमध्ये ते नावालाही पोचत नाही. ताईंच्या पेटीतली नळी मात्र २५४ नॅनोमीटरचं यूव्हीसी देते, हातभर अंतरावरून, चार बोटांच्या फटीतून. कापूस वेचणाऱ्या बाईला जन्मात न लागणारी गोष्ट ताईंना दिवाळीपासून रोज लागते आहे. याची मर्यादा ठरलेली आहे. २५४ च्या किरणांचा आठ तासांत चौरस सेंटीमीटरला ६ मिलिज्यूल, त्याहून जास्त मात्रा उघड्या डोळ्यांवर आणि कातडीवर पडू नये. उघड्या नळीजवळ ती मर्यादा संपायला मिनिटंही पुरतात.

हे किरण जनुकांना नेमकं काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. शेजारच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांना एक प्रयोग दाखवायचे. काचेच्या बशीत खाद्य ओतून त्यावर लाल रंगाचे जीवाणू पसरायचे. मधोमध एक रुपयाचं नाणं स्पिरिटनं पुसून ठेवायचं आणि बशी झाकण काढून दिव्याखाली अर्धा मिनिट धरायची. मग नाणं उचलायचं. दोन दिवसांनी बघावं तर बशी मोकळी आणि मध्ये गोल लाल रुपया उगवलेला. उघड्यावरचे सगळे मेले, नाण्याखालचे जगले. काचेचं झाकण तसंच ठेवलं तर काहीच होत नसे, साधी काच यूव्हीसी अडवते. पण मला खरी धास्ती वाटायची ती कडेला वाचलेल्या एखाददुसऱ्या ठिपक्याची. तो कधी कधी पांढरा निघायचा. मेला नाही, पण रंग बनवायचा त्याचा लेखच खोडला गेला. त्याची पिलावळही पांढरीच.

जनुकं, म्हणजे मेसेजातली जीन्स, डीएनएवर लिहिलेली असतात. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांचा लांबलचक लेख. दोन टी शेजारी शेजारी असले की यूव्हीसी आणि यूव्हीबी त्यांना एकमेकांना चिकटवून टाकतात. पॅन्टच्या चेनचे दोन दात जोडले गेल्यावर चेन तिथंच अडते ना, तसं. नक्कल करणारी यंत्रणा तिथं अडखळते आणि कधी चुकीचं अक्षर टाकून पुढं जाते. प्रयोगानंतर आम्ही त्या बशा काळ्या कागदात गुंडाळून ठेवायचो, कारण उजेड मिळाला की जीवाणूंचं एक एन्झाइम (पेशीत कामं करणारं प्रथिन) ती गाठ आपली आपण सोडवतं. माणसाकडे ते एन्झाइम नाही. आपल्याकडे दुसरी सोय आहे. बिघडलेला तुकडाच कापून काढायचा आणि डीएनएच्या जोडीतल्या दुसऱ्या धाग्यावर बघून नवा विणायचा. ही रफूची कामं उलगडल्याबद्दल २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, लिंडाल, मॉड्रिच आणि तुर्कस्तानात जन्मलेले अझीझ संजार. ज्या मुलांमध्ये ही रफूची सोय जन्मतःच नसते त्यांना दिवसाउजेडी घराबाहेर पडणं मुश्कील होतं, लहानपणीच कातडीचे कर्करोग होतात. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या कातडीत बिघाड रोज होतो आणि रोज दुरुस्त होतो. रफूगाराच्या हातून जितका सुटला तितका साचत जातो.

आता तुमचा नखांचा दिवा. खोक्यावरचे ३६५+४०५ म्हणजे नॅनोमीटरच, म्हणजे तो यूव्हीए आणि त्याच्या काठावरचा उजेड. सासूबाईंचा मेसेज अगदीच हवेतला नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या गटानं 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये हे काम छापलं. त्यांनी उंदराच्या आणि माणसाच्या पेशी बशीत वाढवून नखांच्या दिव्याखाली ठेवल्या. वीस मिनिटांच्या एका बैठकीत २० ते ३० टक्के पेशी मेल्या. वीस वीस मिनिटं लागोपाठ तीनदा दिली तर ६५ ते ७० टक्के. वाचलेल्यांच्या डीएनएमध्ये खोडाखोड सापडली. यूव्हीए टी-टी अक्षरं फारशी चिकटवत नाही. ते पेशीत तापट ऑक्सिजन तयार करतं आणि त्यानं जी या अक्षराला जणू गंज चढतो. गंजलेला जी नक्कल करताना टी समजून वाचला जातो. तसल्याच चुका त्यांना मिळाल्या.

पण मेसेजवाल्यानं खाल्लेला भाग हा. त्या उघड्या पेशी होत्या. आपल्या हातावर मेलेल्या कातडीचा थर असतो, त्यांच्यावर तो नव्हता. दिव्यामुळे कर्करोग होतो असं त्या शास्त्रज्ञांनी म्हटलेलं नाही. त्यासाठी माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यावा लागेल असं त्यांनीच लिहिलं. परदेशात अंग सावळं करायला ज्या दिव्यांच्या खाटेवर झोपतात त्यांचं प्रकरण वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००९ मध्ये त्यांना पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्यांत टाकलं. (ट्रॉलीवाले दादा, वेल्डिंगचे किरणही त्याच गटात आहेत, डोळ्याच्या कर्करोगासाठी. काळी काच सोडू नका.) आणि खोक्यावरच्या ४८ वॅटवरून काही ठरत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत १६ सलोनमधले १७ दिवे मोजले तर प्रत्येकाचा झोत वेगळा निघाला.

राहिलं बाळ. इथं सासूबाईंची गल्लत 'जीन्स' या शब्दानं केली. जनुकं शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात, पण वंशात उतरतात ती फक्त स्त्रीबीजातली आणि शुक्राणूतली. यूव्हीए कातडीत जाऊन जाऊन मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातं. बोटांवर पडलेला किरण गर्भापर्यंत पोचायला वाटच नाही. हाताच्या कातडीत झालेली चूक त्या हाताबरोबरच राहते. माझ्या सुनेनं विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाळासाठी भिऊ नकोस, स्वतःच्या हातांसाठी मोजे घाल.

उद्या डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन या आणि पेटीचं सगळं सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना सुचणार नाही.

कापूस_वेचणारा_मास्तर

काका, यूव्हीसी खाली येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. आठवीला ओझोन शिकवतो, पण पार्लरच्या पेटीशी त्याचा संबंध लावला नव्हता. ताई, 'बिनधास्त' मागं घेतो.

पार्लरवाली_लातूर

पिन त्याच वेळी काढली होती, काका. उशिरा लिहायले कारण मधले चार दिवस दुकानात गर्दी होती.

डॉक्टरकडं जाऊन आले. बुबुळावर बारीक खरवडल्यासारखं झालंय म्हणले. एक मलम दिलं आणि पेटी बंद राहिली तर बाकी आपोआप भरेल म्हणले. काल आणि परवा रात्री वाळू नव्हती. भावाला फोन करून चिकटपट्टीचं सांगितलं तर तो म्हणतो, "मला काय माहीत, मी तर फ्रिजच्या बटणासारखं समजलो."

दोन शंका राहिल्यात. पेटी नसली तर औजारांचं काय करू? आणि मोजे कसले? सनस्क्रीन लावून बघितलं, पण जरा जरी नखाला लागलं तर जेल धरत नाही, दोन दिवसात पापुद्रा निघतो.

आणि घरी पाण्याच्या फिल्टरवर पण यूव्ही लिहिलंय. २०१६ ला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी घेतलेला. तोही काढू का?

लॅबवाले_काका_परभणी

फिल्टर काढू नका! त्यातली नळी तुमच्या पेटीसारखीच आहे, पण स्टीलच्या बंद नळकांड्यात. किरण बाहेर येत नाहीत आणि पाण्यात मागं काही उरत नाही. तो चालू असताना कुणी उघडून आत बघायचं नाही, एवढंच.

पेटीनं औजारं तशीही नीट शुद्ध होत नव्हती. त्या नाण्याची गोष्ट आठवा, जिथं सावली तिथं जंतू जिवंत. कात्रीची खालची बाजू, बिजागरी, कंगव्यात अडकलेले केस, सगळी सावलीच. साबणानं आणि ब्रशनं घासा, कोरडं करा, मग धातूची औजारं जंतुनाशकाच्या पाण्यात बाटलीवर लिहिलंय तितका वेळ बुडवून ठेवा. निळा लाइट दिसला नाही तरी चालेल.

मोजे जाड, गडद रंगाचे, सुती. बोटांची टोकं कापायची, नखापुरती. स्वतःसाठीही एक जोड. आणि दिव्याच्या तोंडाला काळं कापड लावा, म्हणजे तुमच्याकडे येणारा झोत तिथंच अडेल. गिऱ्हाईकाला एक विचारत जा, कसल्या गोळ्या चालू आहेत का. डॉक्सीसायक्लिनसारख्या काही औषधांनी कातडी यूव्हीएला हुळहुळी होते, तिला त्या आठवड्यात नको म्हणा.

काढलेली नळी फोडू नका, आत पारा असतो. घंटागाडीत ओल्या कचऱ्यातही नको.

पार्लरवाली_लातूर

नळी जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलीय, ई-कचरा घेणारा सापडेपर्यंत. पेटीत आता धुतलेले नॅपकिन ठेवते.

शाळेच्या गणवेशाचे काळे पायमोजे विकत आणले, पंजे कापले, तेच हाताला चढवते. पहिल्या दिवशी बायका हसल्या. शुक्रवारी ती डोहाळेजेवणवालीच आली, सासूबाईंना घेऊन. काकांनी लिहिलेलं सासूबाईंना मोबाईलवर वाचून दाखवलं, मिलिमीटर-दोन मिलिमीटरपर्यंत. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग सुनेला म्हणल्या, "आता डिलिव्हरी झाल्यावरच लाव. ऑपरेशनच्या वेळी नखं कोरी लागतेत म्हणे." ते तर खरंच आहे, दवाखान्यात बोटाला चिमटा लावतेत त्याला रंग आड येतो. मी म्हणलं बरं.

आणि जाता जाता स्वतःच्या भुवया करून घेतल्या, तीस रुपये.